नाताळ, ईस्टर आणि हजरत ईसा (अलै.) : आपण काय मानतो, ते काय मानतात

डिसेंबर अर्धा झाला की दरवर्षी तोच जुना मेसेज आमच्या मोबाईलवर नव्याने येतो. नाताळ हा मुळात सूर्यदेवाचा सण, ईस्टर हा इश्तार देवीचा, आणि हजरत ईसा (अलै.) यांना ३२५ साली मतदान घेऊन देव ठरवले. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' असतेच. मागे एकदा आमच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाने हा मेसेज पुढच्या बाकावरच्या ख्रिस्ती मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. ती रडायला लागली. मधल्या सुट्टीत आम्ही दोघांना बोलावले, तर मुलगा म्हणतो, "सर, मी खोटं काय बोललो? इतिहासच आहे ना तो?"

त्याला दटावणे सोपे होते आणि आम्ही दटावलेही. पण त्याचा प्रश्न रास्त होता. तो इतिहास खरा आहे की नाही, हे आम्हालाच नीट माहीत नव्हते. कुरआन सांगतो की कोणी बातमी आणली तर आधी खातरजमा करा (४९:६), आणि एखाद्या समाजाबद्दलचा राग तुम्हाला न्यायापासून ढळवू नये (५:८). म्हणून आम्ही पुस्तके काढून बसलो. जे हाती लागले ते इथे मांडतो. घरात मुले विचारतील तेव्हा आई-वडिलांच्या उपयोगी पडेल.

कुरआनात ईसा आणि मरयम

सुरुवात आपल्या घरापासून करू. मुसलमानाला हजरत ईसा (अलै.) परके नाहीत. कुरआनात त्यांचे नाव २५ वेळा आले आहे. त्यांच्या आईचे, हजरत मरयम (अलै.) यांचे, ३४ वेळा. संपूर्ण कुरआनात नाव घेऊन उल्लेख झालेली स्त्री एकच, ती म्हणजे मरयम. १९ वी सूरह त्यांच्या नावाची आहे आणि तिसरी, आल-ए-इमरान, त्यांच्या घराण्याच्या नावाची. ईसा पित्याविना जन्मले हे आपण मानतो. कुरआन त्यासाठी आदमचा दाखला देतो (३:५९). आदमला ना आई होती ना बाप, तरी तो देव ठरत नाही. त्यांनी अल्लाहच्या हुकुमाने जन्मांधाला दृष्टी दिली, कुष्ठरोग्याला बरे केले, मृताला उठवले, हेही आपण मानतो (३:४९). त्यांना 'मसीह' ही पदवी खुद्द कुरआनाने दिली आहे. ते पुन्हा येतील हा बहुसंख्य मुसलमानांचा अकीदा आहे आणि त्यामागे सहीह हदीसी आहेत. हे ऐकून ख्रिस्ती शेजारी चकित होतात, असा आमचा अनुभव आहे. आपल्यातलेही पुष्कळ लोक चकित होतात, ही मात्र जरा लाजेची गोष्ट.

मग फरक कुठे आहे? तो तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी तो मोठा आहे.

पहिला तौहीदचा. ख्रिस्ती श्रद्धेत देव एकच आहे, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत तो आहे. येशू हा देवाचा पुत्र, स्वतः पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. कुरआन हे साफ नाकारतो. 'तीन' म्हणू नका, असे किताबवाल्यांना बजावतो (४:१७१, ५:७३). सूरह इखलासच्या चार आयती तर आपल्या लहान मुलांनाही पाठ असतात. इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ५:११६ मध्ये ईसा आणि त्यांच्या आईला माबूद केल्याचा उल्लेख आहे. त्यावरून 'त्रैक्यातली तिसरी व्यक्ती म्हणजे मरयम' असे काही मुसलमान सांगतात. कोणत्याही प्रमुख ख्रिस्ती पंथाची तशी शिकवण नाही. आयतीतही 'त्रैक्य' हा शब्द नाही. मरयमपुढे हात जोडून मागणे मागितले जाते त्यावर तिचा रोख आहे, असा खुलासा अनेक मुफस्सिरांनी केला आहे.

दुसरा फरक क्रुसाचा. कुरआन म्हणतो की त्यांनी ईसांना ना ठार केले ना सुळावर चढवले, त्यांना तसे भासवले गेले, आणि अल्लाहने त्यांना स्वतःकडे उचलून घेतले (४:१५७-१५८). 'भासवले गेले' म्हणजे नेमके काय घडले याबद्दल मुफस्सिरांची मते वेगवेगळी आहेत, पण ईसा क्रुसावर मरण पावले नाहीत यावर जवळपास एकमत आहे.

तिसरा फरक यातूनच येतो. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे आदमच्या पापाचा डाग साऱ्या मानवजातीवर आहे आणि येशूच्या बलिदानाने तो धुतला गेला. आपल्याकडे आदमने तौबा केली, अल्लाहने ती कबूल केली, विषय संपला (२:३७). कोणी दुसऱ्याचे ओझे उचलत नाही (६:१६४). त्यामुळे आपल्या दृष्टीने बलिदानाची गरजच उरत नाही.

हे तिन्ही फरक आपण कुणासमोरही, मान ताठ ठेवून आणि आवाज खाली ठेवून सांगू शकतो. त्यांना सूर्यदेवाच्या टेकूची गरज नाही.

२५ डिसेंबर कुठून आला?

आता मेसेजकडे वळू. आपला मराठी शब्द 'नाताळ' पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ 'जन्माचा'. गोवा, वसई, चौल इथे पोर्तुगीज राहिले, त्यांचा शब्दही राहिला. आमच्या घरी मात्र वडीलधारी माणसे 'बडा दिन' म्हणत.

इंजील म्हणून आज ज्या चार शुभवर्तमानांचा संग्रह आहे त्यांतल्या दोघांतच, मत्तय आणि लूक यांतच, जन्माची कथा आहे. मार्क आणि योहान यांत ती नाही. आणि तारीख चौघांतही नाही. साल इ.स. २०० च्या आसपास, अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती विद्वान क्लेमेंट जन्मदिनाबद्दलचे वेगवेगळे अंदाज नोंदवतो. त्यात एप्रिल आणि मे महिन्यातले दिवस आहेत, २५ डिसेंबर नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांसाठी जन्मदिन हा सणच नव्हता.

२५ डिसेंबरची पक्की नोंद सापडते ती रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगवजा ग्रंथात. त्यातली यादी ३३६ सालापर्यंत मागे जाते असे अभ्यासक मानतात. गंमत अशी की त्याच ग्रंथात दुसऱ्या पानांवर २५ डिसेंबरलाच 'अजिंक्य' देवाचा जन्मदिवस लिहिलेला आहे, आणि त्या दिवशीच्या रथांच्या शर्यतीही. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव 'सोल इनव्हिक्टस'. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये त्याचे मंदिर उभारले होते. रोमन पंचांगात २५ डिसेंबर हा परंपरेने सर्वांत लहान दिवस धरला जाई, म्हणजे तिथून पुढे सूर्य चढू लागतो. मेसेजवाल्यांचा दावा इथून निघतो आणि तो हवेतला नाही. अनेक इतिहासकारांनी तो मांडला आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. १८८९ मध्ये फ्रेंच विद्वान ल्युई दुशेन यांनी निराळे कारण सुचवले. टर्टुलियन या आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लेखकाने साधारण २०० सालीच येशूच्या क्रूसमरणाची तारीख २५ मार्च धरली होती. थोर माणूस ज्या दिवशी गर्भात आला त्याच तारखेला जग सोडतो, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांनी ६ एप्रिल धरला, त्यांचा ६ जानेवारी आला. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करते. फक्त सूर्यदेवाची नक्कल करायची असती तर ही दुसरी तारीख आली कुठून, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. अभ्यासकांत या दोन मतांचा वाद आजही मिटलेला नाही. आमचे स्वतःचे मत असे की हिशेब आधी झाला असावा आणि सूर्याचा दिवस सोयीचा पडला असावा. पण हे मत आहे, फतवा नाही.

मेसेजमध्ये 'मिथ्र' या देवाचा जन्मही २५ डिसेंबरचा सांगितलेला असतो. त्याला प्राचीन पुरावा नाही. सॅटर्नेलिया हा रोमन सण १७ डिसेंबरला सुरू होई आणि २३ च्या आसपास संपे, म्हणजे तोही २५ ला नाही.

आपल्याकडचाही एक युक्तिवाद इथे तपासून घेऊ. सूरह मरयममध्ये प्रसूतीच्या वेळी मरयम खजुराच्या झाडाखाली आहेत आणि ताजा पिकलेला खजूर खाली पडतो (१९:२३-२६). खजूर उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतो, तेव्हा जन्म डिसेंबरातला नाही, असे आपले वक्ते सांगतात. लूकच्या कथेतही मेंढपाळ रात्री उघड्या रानात आहेत, त्यावरून काही ख्रिस्ती अभ्यासकही थंडीचा महिना नाकारतात. युक्तिवाद ऐकायला चांगला आहे. पण ज्या सूरहमध्ये पाळण्यातले बाळ बोलते, तिथे अवेळी खजूर पिकणे अल्लाहला अवघड आहे का? कुरआनाने महिना सांगितलेला नाही. सांगायचा असता तर सांगितला असता.

साल तर ख्रिस्ती पंचांगातही चुकले आहे. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत ५२५ साली दिओनिसियस नावाच्या संन्याशाने बसवली. पण मत्तयच्या कथेत जन्माच्या वेळी राजा हेरोद जिवंत आहे आणि बहुतेक इतिहासकारांच्या मते तो इ.स.पूर्व ४ मध्ये मेला. म्हणजे येशूंचा जन्म 'ख्रिस्तपूर्व' काळात होतो. हे ख्रिस्ती विद्वान स्वतःच लिहितात. कुणी लपवलेले नाही.

आणि नाताळावर टीका करण्याची सुरुवात मुसलमानांनी केली असेही नाही. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ बंद केला होता, तोही कडव्या प्युरिटन ख्रिस्ती लोकांच्या आग्रहाने. बायबलात याला आधार नाही असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. यहोवाचे साक्षीदार आजही नाताळ पाळत नाहीत. सजवलेले झाड जर्मन मुलखातून आले, १६ व्या शतकाच्या सुमारास. सांताक्लॉजच्या मागे संत निकोलस आहेत, चौथ्या शतकातले मायराचे बिशप. ते गाव आज तुर्कस्तानात आहे.

ईस्टर आणि ती ३२५ ची सभा

ईस्टर नाताळापेक्षा जुना आणि ख्रिस्ती श्रद्धेत अधिक महत्त्वाचा. गुड फ्रायडेला क्रूसमरण आणि रविवारी पुनरुत्थान. म्हणजे ज्या ठिकाणी आपला आणि त्यांचा सर्वांत खोल फरक आहे, तोच त्यांचा सर्वांत मोठा सण. दुसऱ्या शतकात तो नक्की पाळला जात होता. यहुद्यांच्या वल्हांडणाच्या दिवशी पाळायचा की त्यानंतरच्या रविवारी, यावर तेव्हा भांडणेही झाली.

'ईस्टर म्हणजे इश्तार' हे मात्र निव्वळ उच्चाराच्या साम्यावर बेतलेले आहे. इश्तार ही बाबिलोनची देवी. ईस्टर हा शब्द इंग्रजी-जर्मन पट्ट्यातला. इंग्रज संन्यासी बीड याने ७२५ साली लिहिले की तो एओस्त्रे या सॅक्सन देवीच्या नावाच्या महिन्यावरून आला. तिच्याबद्दलचा जुना उल्लेख जवळपास तेवढाच. पण जगातल्या बहुतेक भाषांत या सणाचे नाव हिब्रू 'पेसाह'वरून आलेले 'पास्का' हेच आहे. आपले कोकणी आणि वसईचे ख्रिस्तीही पास्काच म्हणतात. इंग्रजांनी काय नाव ठेवले यावरून जेरुसलेममध्ये सुरू झालेल्या सणाचे मूळ कसे ठरेल?

३२५ ची नायसियाची सभा सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावली होती. साधारण तीनशे बिशप जमले. वाद होता एरियस या पाद्र्याच्या मताचा. तो म्हणे की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, अनादी नाही. सभेने त्याला चुकीचे ठरवले आणि ईस्टरसाठी सर्वांनी एकच रविवार धरावा असेही ठरवले. एरियस आपल्यासारखा तौहीदवाला होता, असे आपल्याकडे हौसेने म्हणतात. तसे नाही. त्याच्याही मते पुत्र हा सृष्टीच्या आधीचा होता आणि त्याच्याच द्वारे जग निर्माण झाले. आणि येशूची उपासना ३२५ च्या कितीतरी आधीपासून चालू होती. ती योग्य नव्हती हे आपण म्हणू शकतो. ती सम्राटाने एका मतदानात जन्माला घातली, हे म्हणू शकत नाही. शुभवर्तमाने तिथेच निवडली गेली, हीसुद्धा दंतकथा. त्या सभेच्या ठरावांत तसे काहीच नाही.

आपले सण, आपल्या तारखा

वर्गात त्या मुलाला आम्ही नंतर एक प्रश्न टाकला. "तारीख नक्की नाही म्हणून सण खोटा म्हणतोस, मग आपली १२ रबीउल अव्वल?" तो गप्प झाला. इब्ने इसहाक १२ सांगतात. इतरांनी ८ आणि ९ सांगितले आहे. १९ व्या शतकात इजिप्तचे खगोलशास्त्रज्ञ महमूद पाशा यांनी गणित मांडून ९ काढली. शिया बंधू १७ मानतात. जन्मोत्सव म्हणून मीलाद फातिमी इजिप्तमध्ये आणि पुढे १३ व्या शतकाच्या सुरुवातीला इराकमधल्या इरबिलच्या शासकाने थाटात सुरू केला. तो करावा की करू नये यावर आपल्यातच दोन मते आहेत. तो वाद इथे काढायचा नाही. एवढेच, की दुसऱ्याच्या पंचांगाला जो गज लावायचा तो आपल्यालाही लागतो.

आपल्या दोन ईदांचे मूळ मात्र स्पष्ट आहे. हजरत अनस (रजि.) यांची अबू दाऊदमधली रिवायत सांगते की मदिनेत लोकांचे खेळण्याचे दोन दिवस ठरलेले होते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले की अल्लाहने तुम्हाला त्याऐवजी दोन चांगले दिवस दिले आहेत, ईदुल फित्र आणि ईदुल अजहा. म्हणून इबादतीचा सण म्हणून नाताळ आपण साजरा करत नाही. चर्चमधल्या विधीत आपण भाग घेत नाही. याबाबत उलमांत मतभेद नाही.

शुभेच्छा देण्याबाबत आहे. इब्ने कय्यिम (रह.) यांनी इतरांच्या धार्मिक सणाची मुबारकबाद कडक शब्दांत नाकारली. आजही बरेच उलमा तेच सांगतात. याउलट युरोपच्या फतवा व संशोधन परिषदेने शेजारी, सहकारी यांना सौजन्याच्या शुभेच्छा द्यायला हरकत नाही असे म्हटले. आधार ६०:८ चा. जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करत नाही. ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमाला विचारावे. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही.

बोलायचे कसे, याचा नमुना आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीचा आहे. मक्केतल्या छळाला कंटाळून मुसलमान हबशाला, आजच्या इथिओपियाच्या भागात, गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशचे वकील त्यांना परत न्यायला आले तेव्हा हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांनी दरबारात सूरह मरयमचा सुरुवातीचा भाग ऐकवला. राजा रडला, पाद्री रडले. दुसऱ्या दिवशी वकिलांनी डाव टाकला : यांना विचारा, ईसांबद्दल काय म्हणतात? परदेश, आश्रिताची अवस्था, समोर ख्रिस्ती राजा. जाफर (रजि.) यांनी शब्द गिळले नाहीत. अल्लाहचे बंदे, त्याचे रसूल, मरयमकडे पाठवलेला त्याचा कलिमा आणि त्याच्याकडची रूह, एवढेच सांगितले. देवाचा पुत्र म्हटले नाही आणि त्यांच्या सणांची टिंगलही केली नाही. नजाशीने त्यांना आसरा दिला. इथिओपियातले ख्रिस्ती आजही जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला जन्मोत्सव करतात.

ज्यांना ख्रिस्ती श्रद्धा त्यांच्याच तोंडून समजून घ्यायची आहे त्यांच्यासाठी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' सोप्या मराठीत आहे. दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मेसेज पुढे पाठवण्याआधी त्यातले लूकचे पहिले दोन अध्याय वाचावेत, अर्धा तास पुरतो.

जानेवारीत शाळा उघडली तेव्हा त्या मुलीने डबाभर कुलकुल आणले होते. मैदा, नारळाचे दूध, अंडे, साखर. ती सगळ्या वर्गाला वाटत त्या मुलाच्या बाकापाशी आली आणि थांबली. त्याने आमच्याकडे पाहिले. इब्ने अबी शैबा यांच्या संग्रहात हजरत आयेशा (रजि.) यांचे एक उत्तर आहे. मजूसी लोकांच्या सणाची भेट आली तर, त्या दिवसासाठी कापलेले जनावर खाऊ नका, फळफळावळ खा. कुलकुलात कापलेले काही नव्हते. आम्ही मान हलवली. त्याने दोन उचलले आणि तिला हळूच म्हणाला, "त्या दिवशीचं… चुकलं माझं." ती म्हणाली, "अजून एक घे."